स्टेंटरमधली भुतं

आमच्या घरी ओव्हन नव्हता. एवढं एक वाक्य मी त्या दिवशी हेतलच्या आईसमोर बोलले असते, तर हे प्रकरण मला लिहावं लागलं नसतं. त्यांनी विचारलं होतं, "ओवन तो छे ने घरे, बेटा?" आणि मी मान हलवली होती. खोटं बोलायचं असं मनात ठरवलेलं नव्हतं. त्यांच्या सोफ्यावर मी अगदी काठावर बसले होते, हातात नानखटाईची बशी होती, आणि कुणी काही विचारलं की मान हलवायची एवढंच मला त्या घरात येत होतं. आज पन्नाशी ओलांडल्यावरही कुणी घाईने काही विचारलं की माझी मान आधी हलते आणि उत्तर मागून येतं.

आम्ही सुरतेत, गोडादऱ्यात राहत होतो. एका सोसायटीच्या मागच्या ओळीत एक खोली, पुढे ओटा, मागे मोरी. नाना, म्हणजे माझे वडील, खानदेशातल्या पारोळ्याकडून आलेले. प्लेगच्या साथीत सगळी गल्ली गाठोडी बांधून गावाला पळाली तेव्हा आम्हीही पळालो होतो आणि महिनाभराने सगळ्यांबरोबर परत आलो होतो, कारण गावाला आमचं एक पडकं घर सोडून काही नव्हतं. शेजारच्या गल्लीत लूमचे कारखाने होते. त्यांची खटखट दिवसरात्र चालायची आणि ती आम्हांला ऐकूच येत नसे. आठवड्यातून एक दिवस वीज बंद असली की लूम थांबत, आणि त्या शांततेत मायचं डोकं दुखायचं. ती म्हणायची, "कोनी मरी गयं का काय, इतलं चिडीचूप कसं?" माय घरी बसून साड्यांचे धागे कापायची. खोलीभर साड्यांचे गठ्ठे, त्यांचा तो खळ आणि रंगाचा वास, आणि त्या वासात मिसळलेला भाकरीचा. सकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा, रात्री कधी वाटल्या डाळीचे वाफवलेले फुनके, कधी नुसतं वरण. फुनक्यांची वाफ उठली की मी पुस्तक मिटायची. नाना म्हणायचे, "वाच, वाच, ते काय पयी जातस का?"

आमच्या घराण्यात कॉलेजला गेलेली मी पहिली. मुलांमध्येही कुणी गेलेलं नव्हतं. मी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होते, शटल रिक्षात चौघींच्या मध्ये दबून जायची. पहिलं वर्ष पार पडलं की पुढे काय, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नसे. पण पारोळ्याच्या मामांची पत्रं यायची आणि प्रत्येक पत्रात एका मुलाचा उल्लेख असायचा. नाना पत्र वाचून घडी घालून ठेवायचे आणि म्हणायचे, "पेपर व्हऊ दे तिना." त्यांच्या नोकरीवर माझं कॉलेज उभं होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

हेतल माझ्या बाकावर बसायची. गोरी, बडबडी, सगळ्यांना खाऊ वाटणारी. तिच्या मामाने अमेरिकेहून एक व्हिडिओ कॅसेट पाठवली होती, बाहुल्यांच्या कार्टूनची. दिवाळीच्या सुट्टीत तिने मला ती बघायला घरी बोलावलं. इंग्रजी मला फारसं कळलं नाही, म्हणून गोष्ट मी माझीच लावून घेतली. एका गावाबाहेर कबरस्तान आहे, आणि तिथे एक हाडांचा पोस्टमन रोज पत्रं वाटतो. पत्रं जिवंत लोकांनी लिहिलेली, मेलेल्यांना. तो प्रत्येक कबरीवर टकटक करतो. एक म्हातारी पिंजऱ्यात दिवा घेऊन फिरते, एक छत्री घेतलेलं मांजर आहे, हाडांचा एक शिंपी आहे, तीन वटवाघळं बँड वाजवतात. हेतल उशी तोंडावर धरून किंचाळत होती. मला भीती वाटली नाही. मला त्या पोस्टमनचे पाय फार आवडले. बारीक, लांब, गुडघ्यात जरा वाकलेले. पहिली पाळी सुटल्यावर पांडेसऱ्याच्या मिलमधून चालत येणाऱ्या माणसांचे असतात तसे. मी ती कॅसेट त्या सुट्टीत चारदा बघितली.

चौथ्या वेळी मी वहीच्या मागच्या पानावर त्या पोस्टमनचं चित्र काढलं आणि हेतलने ते तिच्या आईला दाखवलं. नयनाबेन उन्हाळ्यात मुलींसाठी हॉबी क्लास चालवायच्या: काचेवरची चित्रं, भरतकाम, कागदाची फुलं. मामाने कॅसेटबरोबर त्यांना एक डबा पाठवला होता. त्यात साबणाच्या छोट्या वड्यांसारख्या रंगीत वड्या, प्रत्येक पारदर्शक कागदात. प्लास्टिकची माती. हवी ती वस्तू बनवायची आणि ओव्हनमध्ये भाजायची, की कायमची कडक होते. त्यांना स्वतःला ती जमत नव्हती, बोटं दुखायची. हेतल म्हणाली, "मम्मी, आने आप ने! आ तो माटीनी गुलाबाई बनावे छे, आखी शेरीमां."

ते खरं होतं. आमच्या खानदेशात भादव्याच्या पौर्णिमेपासून महिनाभर मुली गुलाबाई मांडतात, संध्याकाळी गाणी म्हणतात आणि झाकलेला खाऊ ओळखायला लावतात. सुरतेत गुलाबाईची मूर्ती सहज मिळत नसे, म्हणून मी आठवीपासून स्वतःच बनवायची. तापीच्या काठची माती, तिच्यात कापसाचं पिंजण. आधी आमच्या घराची, मग शेजारच्यांची, मग गल्लीतल्या सगळ्यांची. तिच्या नवऱ्याच्या, गुलोजीच्या मिशा मी केसांच्या पिनेने कोरायची.

नयनाबेन म्हणाल्या, सिनेमातली सगळी भुतं बनवून आण, उन्हाळ्यात क्लासमध्ये मांडू. मुलींना आवडलं तर मातीचा क्लास तूच घ्यायचा. मी! मला वाटलं, मुली समोर ओळीने बसल्या आहेत आणि मला 'दीदी' म्हणताहेत. मामांच्या पत्राला द्यायला एक उत्तर होईल, असंही वाटलं. मग त्यांनी ओव्हनचं विचारलं आणि हसत म्हणाल्या, "मारा ओवनमां तो नानखटाई थाय, भूत नहीं!" मीही हसले. त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापलीकडे मी कधी गेले नव्हते. आणि मान हलवली.

पुढचे दोन महिने मी ती भुतं बनवत होते. कॉलेजहून आले की हात दहा वेळा साबणाने धुवायची, कारण पांढऱ्या मातीला बोटांचा मळ लगेच लागायचा आणि हाडं मळकट दिसायची. हत्यारं म्हणजे मायची दाभण, सायकलचा एक तुटका आरा, केसांची पिन, आणि दातण कापून केलेली एक काडी. पोस्टमनच्या पिशवीत मी खरी पत्रं ठेवली होती, मामांच्या आंतरदेशीय पत्राच्या निळ्या कागदाचे नखाएवढे तुकडे. पुढे ते भाजताना जळतील असं लक्षात आल्यावर काढून मातीचीच केली. म्हातारीचा पिंजरा तीन वेळा मोडला. शिंप्याच्या हातात सुई होती. बरगड्या एकेक वळून लावायच्या, बारा इकडे, बारा तिकडे. कॉलेजच्या लायब्ररीत शरीरशास्त्राचं पुस्तक काढून मोजल्या होत्या. इतक्या सुखाचे दिवस माझ्या वाट्याला नंतर फारसे आले नाहीत.

मायला ती आवडली नाहीत. पहिल्या दिवशी पोस्टमन बघून ती मागे सरकली. "हाई काय शे व माय? भूतं घरमा कसाले लई उनी?"

"कॉलेजनं काम शे," मी म्हटलं. कॉलेज म्हटलं की घरात कुणी पुढे विचारत नसे.

पण सगळी तयार होऊन फळीवर ओळीने उभी राहिली तेव्हा मायने देवाजवळची कुंकवाची डबी आणली आणि बोट भिजवून प्रत्येकाच्या कवटीवर एकेक टिकली लावली, वटवाघळांनासुद्धा; मांजराच्या डोक्यावर छत्री होती, तेवढं एक राहिलं. "आते घरमा उनातच ना, मंग धड ऱ्हाज्यात रे भाऊसहोन," असं त्यांना बजावलं. मला हसू आलं. कुंकू पुसावं असं वाटलं, पण ओल्या बोटाने ते पांढऱ्यात पसरलं असतं. भाजून कडक झाल्यावर पुसू, असं मी ठरवलं.

भाजायचं कसं, हे मात्र मी ढकलत राहिले. स्टोव्हवर तव्यात एक वटवाघूळ ठेवून पाहिलं, ते खालून काळं झालं आणि वरून मऊच राहिलं. डब्यातला इंग्रजी कागद मी डिक्शनरी घेऊन वाचला. त्यात दोनशे पंचाहत्तर लिहिलं होतं, फॅरनहाइट. मी वहीत गणित मांडलं आणि उत्तर मोठ्याने वाचलं. एकशे पस्तीस. नाना जेवत होते. त्यांनी घास हातात धरला.

"एकशे पस्तीस? येवढंच? आमना स्टेंटरवर सुकाडाले तितलंच ठेवतस."

नाना पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये स्टेंटरवर होते. खोलीएवढ्या मोठ्या पेट्या एकापुढे एक जोडलेल्या, आत गरम हवा, आणि ओलं कापड दोन्ही काठांना साखळीच्या सुयांवर ताणून त्यांतून जातं आणि पलीकडे सुकून निघतं. प्रत्येक पेटीला बाजूने एक दार असतं, आतला कचरा काढायला. त्या दाराच्या आत हातभर रुंद कडा असते. नानांनी मला हे सगळं जेवणाच्या ताटावर बोटाने काढून दाखवलं. वरणाची रेघ म्हणजे साखळी. त्यांना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या शिक्षणात त्यांच्या मशीनचा काही उपयोग होईल, हे त्यांना कधी सुचलंच नसणार. "येक घंटाभर ठी दिसू," ते म्हणाले, "कोनले समजावं बी नही."

कागदावर खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. याहून जास्त तापवू नये, विषारी धूर होतो. ती मी वाचली होती. नानांना सांगितली नाही. लपवायचं नव्हतं, आकडा जमतोय म्हटल्यावर ती ओळ मला अनावश्यक वाटली.

मायच्या पिठाच्या डब्याचं झाकण घेतलं. त्यावर भुतं आडवी ठेवली. छत्रीवालं मांजर मावलं नाही, ते घरीच राहिलं. नानांनी झाकण साडीच्या चिंधीत गुंडाळून सायकलच्या हँडलला पिशवीत लावलं आणि त्या सकाळी ते नेहमीपेक्षा हळू गेले. गल्लीच्या तोंडाशी खड्डा आला तेव्हा ते सायकलवरून उतरलेले मी ओट्यावरून पाहिले.

पुढचं सगळं मला नानांनी सांगितलं, त्यामुळे ते त्यांच्या शब्दांत जसं आलं तसंच माझ्या डोक्यात आहे. त्यांनी झाकण कडेवर ठेवलं, दार लावलं. काटा एकशे तीसच्या पुढे होता. अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात खात्याच्या मास्टरने त्यांना हाक मारून फोल्डिंगला पाठवलं, तिथला माणूस आला नव्हता. नानांच्या जागी पात्रो उभा राहिला. पात्रो ओरिसाचा, गंजामकडचा, नानांच्याच वयाचा. नानांना वाटलं पाच-दहा मिनिटांत परत येऊ. पण मधेच लॉट बदलला. सुकवायचं कापड संपलं आणि पॉलिस्टर आलं, आणि पॉलिस्टर सेट करायला मशीन एकशे नव्वदवर नेतात. नानांना हे रोजचंच ठाऊक होतं. फोल्डिंगमध्ये उभ्या उभ्या त्यांना ते आठवलं आणि ते धावत निघाले, तोवर धूर आला होता.

धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले, लोक खोकत बाहेर पळाले. पांढरं कापड पिवळं होऊन निघत होतं. पात्रोने दार उघडलं, हातातल्या फडक्याने झाकण ओढलं आणि ते खाली पडलं; त्यातलं एक त्याने हातात उचलून पाहिलं. काळी झालेली, आखडलेली, हातपाय पोटाशी घेतलेली एवढीएवढीशी हाडांची माणसं. कवटीवर लाल कुंकू, तेवढंच कसं कोण जाणे शाबूत. वास जळक्या कातडीसारखा. त्याच मशीनच्या साखळीत दोन महिन्यांपूर्वी एकाचा हात गेला होता. कुणीतरी ओरडलं, "करनी है! किसी ने करनी किया है!" आणि सगळी पाळी मशीनपासून लांब जाऊन उभी राहिली. उडिया, भैया, आपली माणसं, सगळी. मास्टरने शिव्या दिल्या, पण तोही झाकणाच्या जवळ गेला नाही.

नाना तिथेच उभे होते. बोलले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले नाहीत. ओट्यावर बसले आणि मला बोलावलं. माय आत डब्याचं झाकण शोधत होती. नानांनी खालच्या आवाजात सगळं सांगितलं आणि मग म्हणाले, "तू शिकेल शे. तूच सांग, काय करानं?"

मी एकोणीस वर्षांची होते. मला तोवर कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. मला माहीत होतं की नानांनी सांगितलं तर नोकरी गेली. कापडाचा अख्खा लॉट गेला होता. मग पारोळं, आणि मामांच्या पत्रातला तो मुलगा. माझी परीक्षा बारा दिवसांवर होती. मी हे सगळं मनात एका ओळीत लावलं, जसं उत्तरपत्रिकेत मुद्दे लावतात, आणि म्हटलं, "दोन दिन थांबूत, नाना. शांत व्हई जाई समदं."

"थांबूत," नाना म्हणाले. त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलेलं मला दिसलं. शिकलेल्या मुलीने सांगितलं होतं.

दोन दिवसांत शांत काही झालं नाही. लोक त्या मशीनवर उभे राहीनात. मशीन बंद म्हणजे पुढचं सगळं तुंबलं, आणि कुणाचं तरी नाव सापडल्याशिवाय लोक हलणार नव्हते. पात्रोच्या कमरेला लाल दोऱ्यात बांधलेली एक मुळी असायची. वाफेने कुणाला भाजलं की तो त्या जागेवर काहीतरी पुटपुटून फुंकर मारायचा, आणि माणसं म्हणायची की आग कमी होते. नानांनीही त्याच्याकडून दोनदा फुंकर मारून घेतली होती. आता तीच मुळी सगळ्यांना आठवली. धूर झाला तेव्हा मशीनवर कोण होतं? पात्रो. दार कुणाला बरोबर सापडलं? पात्रोला. हाताने कुणी उचललं? दुसऱ्या दिवशी दुपारी गेटजवळ त्याला धरलं. मुळी तोडून गटारात टाकली. किती मारलं ते नानांनी मला सांगितलं नाही. "मारं," एवढंच म्हणाले, आणि बऱ्याच वेळाने, "ज्यासले तो फुक मारे ना, त्यासनीच मारं." मास्टरने त्याला कामावरून काढलं.

त्या दिवशी मायला झाकणाचं कळलं. कुंकवाची डबी तिने देवाजवळून उचलून खालच्या पेटीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नानांना म्हटलं, "आपन पात्रोकाकाकडे जाऊत." मी त्यांना कधी भेटले नव्हते, 'काका' कसं आलं तोंडात कोण जाणे. घरात उरलेलं छत्रीवालं मांजर मी रुमालात घेतलं. ते दाखवलं की त्यांना कळेल, खेळणं होतं, पोरीने बनवलेलं खेळणं. मग ते आणि नाना मिळून मास्टरकडे जातील. मग जे व्हायचं ते होईल. रिक्षात मी हिंदी वाक्यं मनात जुळवत होते.

पात्रो ज्या खोलीत राहायचा तिथे बारा माणसं पाळीपाळीने झोपत. भिंतीला बारा पिशव्या टांगलेल्या. काही झोपली होती, एकजण तांदूळ निवडत होता. पात्रो पत्र्याच्या पेटीला दोरी बांधत बसला होता. डावा डोळा सुजून बंद झालेला. दुपारची गाडी होती. नानांना पाहून तो उठायला लागला आणि नानांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं.

नाना बोलायला लागले आणि अडखळले. तोडक्या हिंदीत, मधेच अहिराणीत. "पात्रोभाई, वो जो था ना मशीन में, वो मेरा था. मेरी बेटी ने बनाया. भाजने के लिए मैंने रखा."

पात्रोने एका डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी रुमाल उघडला आणि मांजर त्याच्या हातात दिलं. "अंकल, ऐसे ही थे. सिनेमा के हैं. ये मिट्टी है, गरम करने से सख्त हो जाती है. ज्यादा गरम हुआ, इसलिए..."

त्याने अंगठ्याने मांजराचं पोट दाबलं. माती मऊ होती, अंगठ्याचा ठसा उमटला. जांभळी छत्री, हिरवे डोळे. तो हसला. त्याचा ओठ फाटलेला होता, त्यामुळे हसू लगेच थांबलं.

"ये तो नरम है, बेटी. रंग भी है. बहुत अच्छा बनाया. वो हड्डी था. हम हाथ में पकड़ा था. हम जानता है."

"नाही अंकल, नहीं, वही था, कुंकू मेरी माँ ने..."

"तुम्हारा माँ क्यों मुर्दा को सिंदूर लगाएगा?" त्याने अगदी मायेने विचारलं. खोलीतले दोघेतिघे जागे होऊन ऐकत होते. माय तशी आहे, घरात आलेल्या कशालाही ती टिळा लावते, हे हिंदीत कसं सांगायचं ते मला येईना.

नाना म्हणाले, "चलो, अब मास्टर के पास चलो. मैं उसको बोलता हूँ. मेरे को निकालेगा, तुमको वापस लेगा."

तेव्हा पात्रोच्या उघड्या डोळ्यात पाणी आलं. तो तांदूळ निवडणाऱ्या माणसाकडे वळून उडियात काहीतरी बोलला, आणि त्या माणसाने हातातलं सूप खाली ठेवून नानांना नमस्कार केला. मग पात्रो नानांना म्हणाला, "भाई, हमारे लिए झूठ बोल के अपना नौकरी मत खराब करो. तुम्हारा बच्ची पढ़ता है. इतना कोई नहीं करता. हमको मालूम है किसने किया."

"किसने?" मी विचारलं.

"हमारा बड़ा भाई. ज़मीन का झगड़ा है. बीस साल हमको ढूँढता था, अभी यहाँ तक भेज दिया." तो पेटीची गाठ पुन्हा आवळायला लागला. "हम जा रहा है. उससे पूछेगा."

मी म्हटलं, "आपके भाई ने कुछ नहीं किया." दोनदा म्हटलं. माझा आवाज माझ्याच कानाला शाळेत पाठ म्हणून दाखवल्यासारखा वाटला.

"तुम उसको नहीं जानती, बेटी," तो म्हणाला आणि मांजर परत रुमालात ठेवून रुमालाची चारही टोकं नीट दुमडून त्याने माझ्या हातात दिलं. मग उठून दोन्ही हात जोडले. नानांनीही जोडले. ते दोघे तसे बराच वेळ उभे होते, आणि मला आठवतं, मी त्या वेळी देवाकडे मागत होते की नानांनी पुन्हा एकदा सांगावं, ओरडून सांगावं, पाय धरून सांगावं. मी स्वतः का ओरडले नाही, हे मी त्यानंतर इतक्या वर्षांत स्वतःला अनेकदा विचारलं आहे. आम्ही ओरडणारी माणसं नव्हतो, असं उत्तर मी देते, आणि ते खरंही आहे. पण त्या खोलीतून बाहेर पडताना माझे पाय हलके झाले होते, हेही खरं आहे.

परतीच्या रिक्षात नाना माझ्या शेजारी होते. उधन्याच्या फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "आपन सांगी टाकं ना?" मी म्हटलं, "हो." पुढे एका वळणावर पुन्हा, "तो नही मानना, त्याले आपन काय करसूत? पन आपन सांगं ना?" मी म्हटलं, "हो, नाना." गोडादऱ्याला उतरल्यावर लूमचा आवाज सुरू झाला आणि त्या आवाजात ते पुन्हा काहीतरी बोलले. ओठ हललेले दिसले, पण मी परत विचारलं नाही.

पात्रोचं पुढे काय झालं ते कळलं नाही. त्याच्या भावाचं काय झालं, तेही नाही. त्याच्या गावचं नाव नानांना माहीत नव्हतं, आणि त्या खोलीतली माणसं वर्षभरात पांगली. नयनाबेनना मी सांगितलं की भुतं रस्त्यात पडून फुटली. "कंई वांधो नहीं, बेटा," त्या म्हणाल्या, आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी दुसऱ्या एका मुलीकडून मेणबत्त्यांचा क्लास घेतला. हल्ली माझ्या भावाची मुलगी ही माती ऑनलाइन मागवते आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या ओव्हनमध्ये वीस मिनिटांत कानातली भाजून काढते. भाजत असताना ती मला हाक मारते, "आत्या, बघ ना." मी खिडक्या उघडायला जाते.

आम्ही पात्रोकडे जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मिलमध्ये पूजा झाली. भटजी आले, मशीनला हार घातला. पण पूजा झाल्यावरही पहिला कोण उभा राहणार, हा प्रश्न होताच. मास्टर एकेकाकडे बघत होता आणि एकेक जण मागे सरकत होता. तेव्हा नाना पुढे गेले आणि साखळीजवळ उभे राहिले. त्यांना भीती वाटायचं काही कारणच नव्हतं. मशीनमध्ये काही नाही हे माहीत असलेला तिथे तो एकच माणूस होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्टरने त्यांच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं की आजपासून हे मशीन याचं. पुढची अकरा वर्षं ते त्यांचंच होतं, आणि त्याच्यावर मी बी.कॉम. झाले.

मशीनपुढे फोडलेल्या नारळाची अर्धी कवड त्यांना दिली होती, ती त्यांनी घरी आणली. मायने तिचे तुकडे केले, देवापुढे ठेवले आणि मग आम्हांला वाटले. नानांनी आपला तुकडा हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक उघडं ठेवून बसले होते, परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. मी माझा तुकडा तोंडात टाकला आणि चावला. मग त्यांनीही खाल्ला.